नारळ जाता कामा नये

मुलांसाठी लाकडी खेळघर घ्यायला येणारी माणसं मुलांना दुकानात आणत नाहीत. वाशीत दुकान उघडल्यावर पहिल्या महिन्यातच हे माझ्या लक्षात आलं. चपला घ्यायच्या असतील तर पोराला धरून आणतील, अंगठा दाबून दाबून बघतील. पण ज्या घरात ते पोर चढणार, लोंबकळणार, पावसाळा सोडला तर रोज दोन तास राहणार, ते घर पसंत करायला मात्र सोसायटीचे तीन काका यायचे. चुकून एखादं पोर बरोबर आलंच तर दारातच दम मिळायचा, "कशाला हात लावायचा नाही हं!"

आमची मूळची लाकडाची वखार. ती नवऱ्याची. मी साताऱ्याकडची, लग्न होऊन आले तेव्हा मला साग आणि बाभूळ यांतला फरकही सांगता येत नव्हता. नव्वदच्या सुरुवातीला नवी मुंबईत जिकडे तिकडे सोसायट्या उभ्या राहत होत्या. प्रत्येक सोसायटीच्या नकाशात 'बगीचा' म्हणून एक हिरवा चौकोन असायचा आणि प्रत्यक्षात तिथे रेतीचा ढीग. त्या चौकोनात काहीतरी ठेवायला हवं, असं सगळ्यांनाच वाटायचं. लोखंडी घसरगुंडी इथल्या खाडीच्या हवेत दोन वर्षांत गंजायची. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, लाकडाचं करू. खाली चार खांब, वर मचाण, मचाणावर छोटं घर, एका बाजूला शिडी, दुसरीकडे चढायच्या दांड्या, तिसरीकडे घसरगुंडी. ते म्हणाले, "तू बघ." ते सगळ्यालाच 'तू बघ' म्हणायचे. मग सासूबाईंकडे माझा मुलगा सोपवून मी दुकानात बसायला लागले आणि पुढची बरीच वर्षं बसले.

धंदा बाहेरून दिसतो तेवढा सोपा नव्हता. लाकूड कुठलं, हा पहिला प्रश्न. साग उत्तम, पण सागाचं खेळघर घेणारा हजारात एक. आम्ही उरणच्या बंदराकडून येणारं खोक्यांचं लाकूड वापरायचो. परदेशातून यंत्रं ज्या मोठाल्या खोक्यांतून यायची, त्यांच्या फळ्या. रंगाने फिकट, वासाला छान, रंधा मारला की गुळगुळीत. गिऱ्हाइकाला मी 'इम्पोर्टेड पाइन' म्हणून सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण खोक्याचा उल्लेखही करायचे नाही.

दुसरा प्रश्न जमिनीचा. इथली बरीचशी जमीन म्हणजे मिठागरावर टाकलेला भराव. त्यात खांब नुसता पुरला की तिसऱ्या पावसाळ्यात बुडाशी कुजतो. म्हणून खांबाला लोखंडी बूट आणि त्याखाली सिमेंटचा चौथरा. जोडाला खिळे नाहीत, नटबोल्ट. खाली फरशी नको, हातभर खोल वाळू हवी. हे सगळं मी घडाघडा सांगायचे आणि शेवटी साडीचा पदर खोचून स्वतः दांडीला लोंबकळून दाखवायचे. तेव्हा माझं वजन सत्तरच्या पुढे होतं. "मला पेलतंय, तर तुमच्या पोरांचं काय घेऊन बसलात?" एवढं म्हटलं की सौदा झालाच म्हणून समजा.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एक निवृत्त मास्तर शिडीला बरोब्बर दहाच पायऱ्या हव्यात म्हणून अडून बसले. चढता चढता पाढे व्हायला हवेत म्हणे. नव्या शहरासाठी जमीन गेलेल्या गाववाल्यांना मोबदल्यात प्लॉट मिळाले, त्यांतल्या एका दादांनी स्वतःचं घर बांधायच्या आधीच नातीसाठी खेळघर उभं केलं. रिकामा प्लॉट आणि मधोमध लाल छपराचं चिमुकलं घर! पुढे सहा महिने त्यात त्यांचा राखणदारच पाय पोटाशी घेऊन झोपायचा.

आता मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मुख्य सुतार होते धर्मा मिस्त्री, उरणकडच्या एका गावचे. वडील होड्यांची डागडुजी करायचे आणि उरलेल्या लाकडाचे पाळणे. धर्मा मिस्त्री अबोल माणूस. मला 'ताई' म्हणायचे, वयाने पंधरा वर्षांनी मोठे असूनही. त्यांची एक सवय होती. मचाणाच्या कठड्याला उभे लाकडी गज बसवून झाले की ते पिशवीतून एक सोललेला नारळ काढायचे, शेंडी राखलेला, आणि दोन गजांमधून तो घालून बघायचे. प्रत्येक फटीतून. एकाही ठिकाणी तो पार जाता कामा नये. मग खेळघर सोसायटीत उभं राहिलं की त्याच्या पायाशी तोच नारळ फोडायचा आणि जमलेल्या पोरांना खोबरं वाटायचं.

मला वाटायचं, ही काहीतरी पूजा आहे. सुतारांचा कुळाचार असेल. गिऱ्हाइकांसमोर हे चाललं की मला ओशाळल्यासारखं व्हायचं. इकडे मी 'इम्पोर्टेड पाइन' म्हणून बोलतेय आणि तिकडे आमचा मिस्त्री नारळ घेऊन कठड्याशी खेळतोय! एकदा हळूच म्हटलंही, "मिस्त्री, हे मागच्या शेडमध्ये करत जा." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वेळी शेडमध्ये केलं.

मग एक बाई आल्या. बंगलेवाल्या, गॉगल डोक्यावर. आमचं खेळघर बघून म्हणाल्या, "हा तर कोंबड्यांचा खुराडा वाटतोय." बरोबरच्या बाई हसल्या. मला ते फार लागलं. मी लांब उभी राहून कठड्याकडे पाहिलं, तर एकेका बाजूला नऊ नऊ गज. खरंच खुराडा! त्याच दिवशी मी धर्मा मिस्त्रींना सांगितलं, नऊच्या जागी पाच गज लावा. घर मोकळं दिसायला हवं.

पाच गजांचा पहिला कठडा तयार झाला तेव्हा ते मला शेडमध्ये घेऊन गेले. नारळ फटीतून या हातातून त्या हातात सहज गेला.

"ताई, नारल जातंय."

"जाऊ द्या की."

"माजा बाप बोलायचा, नारल जाता नये. पालन्यातून नाय, कटड्यातून नाय."

"मिस्त्री, पोराचं डोकं नारळापेक्षा मोठं असतं ना? डोकं जिथून जाणार नाही तिथून पोर खाली पडेल कसं?" मी टेप काढून फट मोजली. सव्वापाच इंच. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. घरी जाऊन त्याचं डोकं मोजलं, कानापासून कानापर्यंत. ते फटीपेक्षा मोठं भरलं. दुसऱ्या दिवशी मी तो आकडा मिस्त्रींना असा ऐकवला की जणू मी इंजिनियरच आहे.

"मना तुमच्यासारका सांगता येत नाय," ते म्हणाले. "पन नारल जाता नये."

मी हसले. त्यांच्या तोंडावर हसले, हे मला नीट आठवतं.

त्यानंतर आम्ही पाच गजांची अकरा-बारा घरं बसवली आणि धर्मा मिस्त्रींनी नारळ फोडायचं बंद केलं. ज्यातून नारळ गेला त्याच्यापुढे तो फोडायचा नसतो, म्हणाले. वाशीतल्याच एका सोसायटीत लोकांनी नारळ आणून ठेवला होता, मिस्त्री हात लावेनात. शेवटी चेअरमनांनी फोडला, फोटो निघाला. त्या फोटोत मी मध्यभागी आहे, हसतेय, आणि धर्मा मिस्त्री नाहीत.

त्याच सोसायटीत मंदा राहायची. साताऱ्याकडचीच, म्हणून माझ्याशी दोन शब्द जास्त बोलली होती. नवरा मार्केटमध्ये माथाडी कामगार, ती तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. मुलगी तीन वर्षांची, नाव रूपाली. दिवसभर सासू सांभाळायची, संध्याकाळी कामावरून आली की मंदा स्वतः तिला बगीच्यात न्यायची.

एका संध्याकाळी सोसायटीतून दुकानात फोन आला. रूपालीला दवाखान्यात नेलंय. मचाणावर अडकली होती.

मी आधी सोसायटीत गेले. वॉचमनने जे सांगितलं ते असं. तो गेटपाशी होता, मुलांचा ओरडा ऐकून धावला. मुलगी कठड्याच्या बाहेर लटकत होती. सगळं अंग बाहेर आणि डोकं गजांच्या आत. हनुवटी फळीवर अडकलेली. त्याने खालून तिचे पाय धरून तिला उचलून धरलं आणि दुसऱ्या एकाने वर चढून लाथ मारून गज मोडला. वॉचमन जवळ होता म्हणून, एवढंच तो म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बरोबर रंगाचं पुस्तक नेलं होतं. रूपाली पलंगावर बसली होती, हनुवटीखाली निळा-काळा पट्टा उमटलेला, आवाज घोगरा. मी विचारलं, "कशी ग अडकलीस?" ती म्हणाली, "पाय सोडून बसले होते. मग घसरले."

त्या क्षणी मला कळलं. पाय आधी गेले. मग पोट, मग छाती. पोराचं अंग नारळाएवढ्या फटीतून सहज जातं, जात नाही ते डोकं. मी ज्या गोष्टीला सुरक्षित म्हणून टेप लावून सिद्ध केलं होतं, तोच सापळा होता. डोकं जाणार नाही, म्हणूनच पोर लटकणार. धर्मा मिस्त्रींच्या वडिलांना हे माहीत होतं. कधीतरी कुठल्यातरी पाळण्याने त्यांच्या गावाला ते शिकवलं असेल. मी मंदाच्या खांद्यावर हात ठेवला, "बरी होईल," म्हटलं आणि निघाले.

रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग बसली. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या होत्या. मला बोलावलं होतं, मी धर्मा मिस्त्रींना घेऊन गेले. जायच्या आधी रात्रभर काय बोलायचं ते घोकलं, असं काही नाही. नवऱ्याने पढवलं, असं लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण त्यांनी उलट विचारलं होतं, "चूक आपली आहे का?" आणि मी म्हटलं होतं, "नाही." माझ्या डोळ्यांसमोर बाकीच्या सोसायट्या होत्या. हे एक घर चुकीचं म्हटलं की सगळी चुकीची. दुकानाचं नाव जाईल, याची मला भयंकर भीती वाटत होती.

सेक्रेटरींनी विचारलं, "वस्तूत काही दोष आहे का?"

मी उभी राहिले. पर्समधून टेप काढली. सगळ्यांना मोडक्या कठड्यापाशी नेलं, शाबूत राहिलेली फट मोजून दाखवली. एका छोट्या मुलाला पुढे बोलावून त्याचं डोकं फटीला लावून दाखवलं. "बघा, जातंय का?" नाही जात. "मग दोष कसला?" लोकांनी माना डोलावल्या. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे बोलले. "तीन वर्षांचं पोर वर एकटं सोडल्यावर कुठलंही घर काय करणार? आई कुठे होती?"

सगळे मंदाकडे वळले. मंदा उभी राहिली. चेहरा पांढराफटक पडलेला.

"मी पाणी आणायला वर घरी गेलते," ती म्हणाली. "तिला तहान लागली होती. दोन मिन्टं. बाटली घ्यायला विसरलेले."

"दोन मिनिटं फार असतात," कुणीतरी बाई म्हणाल्या. मागून मंदाच्या सासूचा आवाज आला, "मी म्हनतच हुते, पोर लहान हाय तवर नोकरी नगं." मग जो तो बोलायला लागला. हल्लीच्या बायका, कामावरून येतात त्याच दमून, लक्ष कुठे असतं. मी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली. माझं स्वतःचं पोर त्या वेळी घरी सासूबाईंकडे होतं, कारण मला या मीटिंगला यायचं होतं.

परतताना टेम्पोत धर्मा मिस्त्री पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वखारीपाशी उतरताना म्हणाले, "नारल गेला व्हता, मॅडम."

त्या दिवसापासून त्यांनी मला ताई म्हटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना सगळ्या सोसायट्यांत पाठवलं. पाचाचे पुन्हा नऊ गज. गिऱ्हाइकांना सांगितलं, नवीन डिझाइन आलंय, तुम्हाला फुकट करून देतोय. एका सोसायटीने आमच्या सेवेबद्दल आभाराचं पत्र पाठवलं, तेही छान टाइप करून. मंदाच्या सोसायटीतही धर्मा मिस्त्री गेले. तिथल्या सेक्रेटरींनी फोनवर माझं कौतुक केलं आणि जाता जाता सांगितलं, "त्या बाईनी नोकरी सोडली हो. बरं झालं, आता तरी पोरीकडे लक्ष देईल." मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला.

लोकांची कशी समजूत घालायची, हे मला चांगलं जमायचं. त्यावरच माझं दुकान चाललं. त्या रविवारी ती हुशारी मी कुठे वापरली, हे मी पाच-सहा वर्षं कुणालाच सांगितलं नाही. लाज वाटायची म्हणून नव्हे. लाज वाटत होती, पण ती पोटात घालून रोज दुकान उघडता येतं, एवढंच मला तेव्हा कळलं.

दशक संपत आलं तसे धर्मा मिस्त्रींचे गुडघे गेले. गावी परत निघाले. निरोप द्यायला मी शाल आणली होती. शाल त्यांनी घेतली, घडी करून पिशवीत ठेवली आणि विचारलं, "त्या पोरीच्या आईला सांगितलात काय?"

मी म्हटलं, "नाही."

"बरा," ते म्हणाले आणि बस पकडायला निघून गेले. उरणची बस दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

चार दिवसांनी मी मंदाकडे गेले. त्याच सोसायटीत, त्याच घरात राहत होती. दार उघडल्यावर तिने मला लगेच ओळखलं, आत या म्हणाली. खोलीत साड्यांचे गठ्ठे होते, ती साड्यांना फॉल लावून द्यायची. सासू खिडकीशी बसून मटार सोलत होती. रूपाली खाली बसून वहीत काही लिहीत होती. दुसरी-तिसरीत असेल. वेण्या घातलेल्या, आवाज ठणठणीत. मला आधी तो आवाज ऐकूनच बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मी मंदाला म्हटलं, "मला तुला काही सांगायचंय. तेव्हा चूक माझी होती. फट मोठी ठेवली होती. मिस्त्री नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. मीटिंगच्या आधी मला ते कळलंही होतं."

मंदाने सुई साडीत खोचली. रडेल, ओरडेल, अशी तयारी करून मी गेले होते. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मी दोन मिन्टं गेलते ते मला म्हाईतच हाय. हिला सांगा." तिने रूपालीकडे बोट केलं. "हिला वाटतं, हिनं मस्ती केली म्हणून माझी नोकरी गेली. शाळेत निबंधात पण तेच लिहिलंय तिनं."

मी खाली बसले, रूपालीसमोर. मोठमोठ्या कमिट्या मी बोलून गुंडाळल्या होत्या, पण त्या आठ वर्षांच्या मुलीपुढे ते बोलणं कामाचं नव्हतं. मी दोन्ही हातांनी फट दाखवली. "एवढी जागा होती. एवढीशी असायला हवी होती. तू फक्त पाय सोडून बसली होतीस. सगळी मुलं बसतात. तू काहीच चुकीचं केलं नव्हतंस. चूक मी केली होती."

तिने माझ्या दोन हातांमधल्या जागेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

मोठ्या माणसाला सांगायला माझ्याकडे पुष्कळ कारणं होती. दुकान होतं, नाव होतं, माणसं कामाला होती. त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"घाबरले होते ग," मी म्हटलं.

रूपालीने पेन्सिल खाली ठेवली. "आईपण घाबरली होती," ती म्हणाली. "आज्जी सांगते ना, नुसती थरथरत होती. पण तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मी पाणी आणायला गेलते म्हणून."

खिडकीशी मटार सोलणं थांबलं होतं. मंदाने सुई पुन्हा हातात घेतली.